भूगोलाच्या वहीचं कव्हर

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगायची, तर माणसाकडे निदान एखादं दणदणीत पाप तरी हवं. माझ्याकडे जे आहे ते इतकं किरकोळ दिसतं, की सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. मी माझ्या धाकट्या बहिणीच्या भूगोलाच्या वहीचं सुटलेलं कव्हर भाताच्या शितांनी परत चिकटवलं. बस, एवढंच. दुपारची वेळ होती, आई शेजारी पापड लाटायला गेली होती, पातेल्यात सकाळचा भात उरला होता. मी चार शितं बोटानं चुरडली आणि कव्हरची आतली घडी अशी दाबून बसवली, की तिच्यात काय छापलंय ते पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडू नये. हे माझ्या बायकोला माहीत नाही. जिची वही होती त्या बहिणीला माहीत नाही. आणि ज्याच्यापासून ते लपवलं त्या दिगंबर परबला, माझ्या दिग्याला, तर नाहीच नाही.

आमच्या मुलुंडच्या घरात जून हा कव्हरांचा महिना. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत आईची तुळस आणि बाबांची सायकल. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि वह्यांसाठी खाकी कागद विकत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. त्यांच्या साहेबांकडे अमेरिकेची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. ती जुनी झाली की बाबा सुतळीनं गठ्ठा बांधून घरी आणत, आणि एखाद्या रविवारी जेवणं उरकल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कारखाना सुरू होई. बाबा कागद दुमडत आणि चमच्याच्या पाठीनं घडी दाबत. मी लेबलं चिकटवी. शैला, म्हणजे माझी बहीण, तेव्हा नववीत होती. ती कुठल्या विषयाला कुठलं चित्र यावरून भांडत बसे. आतून भांडी विसळण्याचा आवाज आणि मध्येच आईची सूचना, "अहो, त्या बाईचे उघडे खांदे तेवढे आत दुमडा, शाळेत न्यायची वही आहे!" बाबांची घडी खोल असे, चांगली चार बोटं आत. कव्हर वर्षभर टिकलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. माझी सगळी कथा त्या चार बोटांच्या घडीत आहे.

त्या वर्षी भूगोलाच्या वाट्याला एक हसरा अमेरिकन तरुण आला. तिशीच्या आतला, केस विस्कटलेले, सदरा चुरगळलेला, हात तारांच्या गुंत्यात. कॉम्प्युटर बनवणारी कंपनी काढून तो अफाट श्रीमंत झाला होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तो बिचारा या प्रकरणात निर्दोष आहे. आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणत असू. बाबा म्हणत, "काय सुहास, तुझा अमेरिकेतला मामा आज काय म्हणतो?"

दिग्या आणि मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सला. तो नाहूर गावाकडच्या बैठ्या चाळीत राहायचा. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यापासून दाराच्या उंबऱ्यावर बसून असत. दिग्याच्या हातात जादू होती. मेलेला रेडिओ तो कानाशी धरून हलवायचा आणि रोग सांगायचा. इंग्रजीच्या नावानं मात्र त्याची बोंब होती. माझं नेमकं उलटं. बाबांनी मला सातवीपासून रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावला होता. त्यामुळे मी कुठलाही इंग्रजी शब्द न अडखळता उच्चारू शके. अर्थ ही वेगळी बाब होती. तो कुणी विचारत नसे. दिग्याला वाटे की मला इंग्रजी येतं, आणि त्याला तसं वाटतं हे मला फार आवडे.

तर एका दुपारी गॅलरीत बसून मी त्याला वहीचं कव्हर वाचून दाखवत होतो. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. साहेबानं लहानपणी काय काय उचकटलं, गॅरेजमध्ये कंपनी कशी काढली, असं चाललं होतं. कागदाच्या अगदी कडेला 'ही ड्रॉप्ड आउट ऑफ कॉलेज' एवढं आलं आणि वाक्याचा उरलेला भाग घडीत गेला.

"थांबलास काय? सांग ना."

"हां. म्हणजे, साहेबानं कॉलेजात असताना ड्रॉप घेतला."

ड्रॉप घेणं म्हणजे काय, हे आमच्या पिढीतल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नव्हतं. अभ्यास झाला नाही, कावीळ झाली किंवा नुसतीच छाती दडपली, की यंदा परीक्षेला बसायचं नाही, पुढच्या वर्षी तयारीनं बसायचं. घरोघरी एखादा ड्रॉप घेतलेला मामेभाऊ असेच.

"अमेरिकेत पण ड्रॉप घेतात?" दिग्यानं विचारलं.

"न घ्यायला काय झालं? माणसंच आहेत ना ती."

"आणि ते आउट काय?"

इथे खरं तर मी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. दोन साधे शब्द. पण दिग्या माझ्या तोंडाकडे बघत होता. "आउट म्हणजे बाहेरून," मी म्हणालो. "ड्रॉप घेतला आणि मग बाहेरून परीक्षेला बसला."

"पास झाला?"

"फर्स्ट क्लास."

हे 'फर्स्ट क्लास' त्या कागदावर कुठेही नव्हतं. ते माझं. पुढे मी कंपनीच्या गृहपत्रिकेत चार-दोन लेख लिहिले, निवृत्त होणाऱ्यांच्या निरोप समारंभासाठी कविता पाडल्या. पण माझी पहिली स्वतंत्र निर्मिती ही, दोन शब्दांची. एवढी खपलेली दुसरी कुठलीच नाही.

त्यानंतर आम्ही साहेबाच्या मार्गानं जायचं ठरवलं. मी एका डायरीत 'साहेबांचे नियम' उतरवून काढले. साहेब उभ्यानं जेवतो, कारण बसण्यात वेळ जातो. मी आमटीभाताचं ताट हातात धरून कपाटाला टेकून उभा राहिलो. आई म्हणाली, "टांग्याचा घोडा आहेस का रे? बस खाली!" तिसऱ्या दिवशी आमटी बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडली आणि तो नियम स्थगित झाला. दुसरा नियम, कुणीही भेटलं तरी एका मिनिटात आपली योजना सांगता आली पाहिजे. मी ती दूधवाल्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, तोंडात थर्मामीटर असताना डॉक्टरांनाही सांगितली. आमची योजना काय होती, हे मात्र तोपर्यंत ठरलेलं नव्हतं.

मग गॅरेज. आता हसू येतं, पण तेव्हा आमच्या भागात गॅरेज या शब्दाचा एकच अर्थ होता, जिथे स्कूटर दुरुस्त होते ते. घराला जोडून गाडी ठेवायची खोली असते, ही कल्पना यायला आधी गाडी असावी लागते. साहेबानं मेकॅनिकच्या दुकानात कंपनी काढली असंच आम्ही समजलो, आणि त्याबद्दल त्याच्याविषयीचा आदर दुणावला. आम्ही रेल्वे फाटकाजवळच्या जोसेफ अंकलच्या गॅरेजात गेलो.

"गाडी किधर?" स्कूटरखालून आवाज आला.

"गाडी नाही अंकल. आम्हाला कंपनी काढायची आहे."

जोसेफ अंकल बाहेर आले. हात पुसत त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "कंपनी? गॅरेजमधी?"

"अमेरिकेत तशीच काढतात."

"काढतात, काढतात. पण तू त्या ऑइलच्या डब्यावर नको बसू रे बाबा, पँटची वाट लागेल."

पँटची वाट लागलीच होती. पण त्यांनी मागच्या बाजूचा टायर ठेवायचा कोपरा दिला आणि भाड्याचा विषयही काढला नाही. चार महिने आम्ही तिथे बसलो. ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास, त्यात आमच्या सोल्डरिंगच्या राळेचा धूर, हॉर्न तपासताना होणारे भोंगे, आणि दुपारी अंकलच्या डब्यातल्या बोंबलाच्या कालवणाचा घमघमाट. मी शाकाहारी घरातला. तो नियम कुठल्या साहेबासाठी मोडला, हेही आईला कधी कळलं नाही.

दिग्यानं जे बनवलं त्याचं श्रेय मी आज तरी पूर्ण त्याला देतो. त्याच्या चाळीत नळाला पाणी पहाटे कधीतरी यायचं. साडेतीनला, पाचला, नेम नाही. त्याची आई तीनतीनदा उठून नळाखाली हात धरून बघायची. दिग्यानं नळाच्या तोंडाशी दोन तारा लावल्या, त्या एका छोट्या डबीला जोडल्या. डबीत दोन ट्रान्झिस्टर, एक बॅटरी आणि एक भोंगा. पाण्याचा पहिला थेंब तारांवर पडला की डबी अशी काही केकाटायची, की मेलेला उठावा. नावही त्यानंच ठेवलं, 'कोंबडा'.

"कोंबडे विकून श्रीमंत झालेला माणूस अजून माझ्या बघण्यात नाही," बाबा म्हणाले.

मी मॅनेजिंग डायरेक्टर झालो. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, कारण मी केलेला सांधा उलटा धरला की सुटून पडे. जोसेफ अंकल म्हणत, "सुहास, तू नुसता बोल. हात नको लावू." तेव्हा मी बोललो. बोलून बोलून पलीकडच्या गल्लीतल्या एका तीन मजली सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवलं. तिथे गच्चीवर टाकी नव्हती, पालिकेचं पाणी थेट नळाला येई. चाळीस बिऱ्हाडं, चाळीस कोंबडे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागायच्या आत बसवून द्यायचे. म्हणजे नेमके परीक्षेच्या दिवसांत.

एक हात सोल्डरिंगचा, आणि तो दिग्याचा. परीक्षा की कोंबडे, असा प्रश्न आला तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "ड्रॉप घेऊ आपण दोघं. साहेबानं नाही का घेतला?"

फेब्रुवारीतली ती दुपार मग आली. शैला शाळेतून येऊन दप्तर भिरकावून खेळायला गेली होती आणि भूगोलाचं कव्हर वहीपासून सुटून जमिनीवर पडलं होतं. मी उचलायला गेलो. आठ महिन्यांनी ती घडी उघडली होती. कागदाचा तो पट्टा वरच्या भागापेक्षा कोरा, चकचकीत राहिला होता. 'ड्रॉप्ड आउट ऑफ कॉलेज' या शब्दांच्या पुढे लिहिलं होतं, 'अँड नेव्हर वेंट बॅक'. यातला एकही शब्द कठीण नव्हता. नेव्हर मला तिसरीत शिकवला होता. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. ते गॅरेज साहेबाच्या वडिलांच्या बंगल्याला लागून होतं, दोन गाड्या मावतील एवढं. वडील मोठे वकील होते आणि त्यांनी मुलाला सांगितलं होतं, जमेल तेवढे दिवस करून बघ, घर आहेच.

मी सतरंजीवर बसलो. साहेबानं ड्रॉप घेतलाच नव्हता. त्यानं कॉलेज सोडून दिलं होतं. बाहेरून बसला नव्हता, पास झाला नव्हता, आणि त्याला त्याची गरजही नव्हती, कारण पाठीशी बंगला होता. दिग्याच्या पाठीशी उंबऱ्यावर बसलेले परबकाका होते. त्याची फी माफ होती, आणि एक वर्ष चुकलं की माफी संपणार होती. शिवाय आमच्या भागातली एक मोठी कंपनी दर वर्षी आमच्या पॉलिटेक्निकमधून शेवटच्या वर्षाची पाच मुलं पारखून घ्यायची. सरांनी त्या वर्षीच्या यादीत दिग्याचं नाव सगळ्यात वर घातलं होतं. फक्त परीक्षा द्यायची होती. माझं नाव सहावं होतं.

परीक्षेचा फॉर्म विलंब शुल्कासह भरायला तीन दिवस उरले होते. उठून नाहूरला चालत जायचं आणि म्हणायचं, "दिग्या, माझं चुकलं, मी वाक्य अर्धंच वाचलं होतं." वीस मिनिटांचा रस्ता. मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन भाताचं पातेलं उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पॉलिटेक्निकमध्ये गेलो आणि स्वतःचा फॉर्म भरून आलो. हे वाक्य लिहायला मला चार दशकं लागली. त्या घडीतलं खरं भाषांतर मी स्वतःसाठी वापरलं आणि खोटं दिग्याकडे राहू दिलं.

त्याच्या पुढच्या दिवशी दिग्यानं मला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आईनंच बोलवायला सांगितलं होतं. खोलीत एका बाजूला ट्रंका, त्यांच्यावर रचलेल्या गोधड्या, खिडकीत वाळत घातलेली आमसुलं. काकींनी कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी वाढली, आणि ताटाशी येऊन बसल्या.

"सुहासा, तूच सांग रे बाबा. ह्यो म्हणता यंदा परीक्षेक बसूचा नाय. माका काय कळणा नाय."

"आई, साहेबानं पण..."

"तू गप. ह्याका विचारतंय मी."

परबकाका उंबऱ्यावरून आत वळले. कधी फारसं न बोलणारा माणूस. "सर घरी येऊन गेले," ते म्हणाले. "म्हणतात, कंपनीच्या यादीत दिगंबरचं नाव पयलं आहे. ड्रॉप घेऊ नका म्हणतात. पण हा म्हणतो की त्या अमेरिकेच्या माणसानं घेतला आणि त्याचं चांगलं झालं. तू वाचलंस ना ते? सोताच्या डोळ्यांनी?"

"हो काका."

"इंग्लिशमधे?"

"इंग्रजीतच आहे."

"आणि मागून बसून पास झाला तो?"

तोंडात घास होता. मला वाटतं, तो गिळायला जितका वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडे होता. पुष्कळ होता. मी नंतर स्वतःला अनेक कारणं पुरवली. ऑर्डर बुडेल, दिग्याचं मन मोडेल, सहाव्या नंबरचा पाचवा होईल. शेवटचं कारण तर मी स्वतःपाशीही फार उशिरा कबूल केलं. पण त्या घासाच्या वेळी मनात यातलं काही नव्हतं. मनात एवढंच होतं, की आता खरं सांगितलं तर मला इंग्रजी येत नाही हे तिघांना कळेल.

"फर्स्ट क्लास, काका," मी म्हणालो.

काका परत उंबऱ्याबाहेर तोंड करून बसले. काकींनी मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली. दिग्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "बोललो होतो ना? सुह्या खोटं नाय सांगणार." फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपली.

पाचसहा दिवसांनी शैला वही नाचवत आली. "आई, माझ्या भूगोलात मुंग्या झाल्यात!"

"कुठल्या खंडात?" बाबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आईनं ती वही उन्हात ठेवली, शैलानं कव्हर फाडून टाकलं आणि खाकी कागद लावला. बाबांच्या तत्त्वाला त्या वर्षी माझ्यामुळे तडा गेला. पुरावा तर गेला, पण आजही साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की मी उगाचच मान खाली घालतो. बायकोला वाटतं मला मुंग्यांचा तिटकारा आहे.

एप्रिलमध्ये चाळीसही कोंबडे तयार झाले. ते सगळे दिग्यानंच बनवले. मी 'बाजारपेठेचा अभ्यास' करतो असं सांगून घरी बसून परीक्षेचा अभ्यास करत होतो. त्यानं दोन दिवसांत एकट्यानं चाळीस नळांना तारा लावल्या, आणि तिसऱ्या दिवशी माझा पहिला पेपर होता. पेपर संपवून मी फाटकातून बाहेर पडलो, तर समोर दिग्या. खांद्याला भाजीची पिशवी, पिशवीत डब्या. हातात प्रयोगशाळेतून मागून आणलेला मीटर, तो परत करायला आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या हॉल तिकिटाकडे.

"सुह्या, तू इकडे?"

"बाबांनी जबरदस्तीनं बसवलं रे," मी म्हणालो. बाबांना यातलं काडीचंही माहीत नव्हतं. "फॉर्म पण त्यांनीच भरला. मला काल सांगितलं."

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "बरं केलं काकांनी. दोघांनी एकदम ड्रॉप घेऊन काय उपयोग? पेपर कसा होता?"

"ठीक."

"चल, रस पिऊ. तुला एक मजा सांगतो. आपली वाट लागली यार!"

उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसून, तोंडावर रसाची मिशी घेऊन, त्यानं मला त्या पहाटेची हकिकत सांगितली. पावणेपाचला पाणी आलं आणि चाळीस कोंबडे एका वेळी आरवले. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा आग लागली समजून चादर गुंडाळून रस्त्यावर आले. बाकी सगळे उठले आणि सगळ्यांनी एकदम नळ सोडले. आजवर जो आधी उठेल त्याला पाणी मिळायचं. आता सगळेच आधी उठले, धार बोटाएवढी झाली, आणि वरच्या दोन मजल्यांवर थेंबसुद्धा चढला नाही. सात वाजता सेक्रेटरी चाळीसही डब्या एका पिशवीत भरून त्याच्यासाठी थांबले होते.

"म्हणाले, तुमचं यंत्र उत्तम आहे, त्याचाच त्रास आहे," दिग्या सांगत होता आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही हसलो. रसाचे पैसे त्यानं दिले. मी परीक्षार्थी होतो ना.

जूनमध्ये निकाल लागला. यादीतलं पहिलं नाव गळलं, त्यामुळे खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले, आणि पाचव्या जागी मी गेलो. मुलाखतीत त्यांनी विचारलं, स्वतः काही बनवलं आहे का? मी खिशातून कोंबडा काढून टेबलावरच्या पेल्यात बुडवला. साहेब लोक दचकले, मग खूश झाले. मी 'आम्ही बनवला' असं म्हणालो. 'आम्ही' म्हणालो, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून जपलं.

दिग्या ऑक्टोबरमध्ये बाहेरून बसायचं म्हणून चौकशीला गेला, तेव्हा कळलं की प्रात्यक्षिकं बाहेरून देता येत नाहीत. पूर्ण वर्ष करावं लागेल, पूर्ण फी भरून. काका-काकी गावी परतायच्या तयारीत होते. तो एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागला. पुढे त्यानं मुलुंडातच स्वतःचं छोटं दुकान घातलं. तो उपाशी राहिला नाही, व्यसनी झाला नाही, त्यानं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. माझ्या लग्नात पंगतीत आग्रह करत तोच फिरत होता. त्याचं वाटोळं झालं असतं तर मी कदाचित केव्हाच कबुली देऊन मोकळा झालो असतो. तो धड आहे, हसतमुख आहे. म्हणून मीही गप्प आहे.

मागच्या वर्षी पॉलिटेक्निकच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, 'यशाचे धडे'. मी तयारी जोरदार केली. जिद्द, चिकाटी, धोका पत्करण्याची हिंमत, सगळं होतं. आमच्या त्या साहेबाचं उदाहरणही होतं, त्याच्याविषयीची जाड पुस्तकं आता चौकाचौकात मिळतात. गॅरेजच्या वाक्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून सगळ्यात जोरात टाळ्या दिग्या वाजवत होता. दिग्या डिप्लोमाधारक नाही, म्हणून त्याला आमंत्रण नव्हतं. मीच त्याला माझा पाहुणा म्हणून नेलं होतं, आणि ते मोठेपण मिरवतही होतो.

कार्यक्रमानंतर बटाटेवड्याची बशी घेऊन आम्ही व्हरांड्यात उभे होतो. एक विद्यार्थी माझी सही घ्यायला आला. दिग्या त्याला कौतुकानं सांगू लागला, "ह्यानं मला त्या साहेबाचं सगळं वाचून दाखवलेलं, बरं का. तेव्हा इथे कुणाला नावही माहीत नव्हतं." मुलगा गेल्यावर तो वड्याचा तुकडा मोडत, अगदी सहज म्हणाला, "खरं सांगू सुह्या? साहेबानं पण ड्रॉप घेतला, मी पण घेतला. पण तो परत जाऊन पास झाला ना रे. फर्स्ट क्लासमध्ये. आपल्याच्यानं नाय झालं. कुठेतरी मीच कमी पडलो."

मी म्हणालो, "चटणी तिखट आहे, नाही?"

दिग्याचं दुकान माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. हे प्रकरण छापून येईल, पण तो मराठी पुस्तकंही वाचत नाही, आणि मला ते ठाऊक आहे. म्हणजे इतकं लिहूनही मी सुरक्षित जागीच उभा आहे, उभ्यानं जेवणाऱ्या घोड्यासारखा. त्याच्यासमोर बसून, तोंडानं म्हणायच्या पाच ओळी अजून बाकी आहेत. दिग्या, साहेबानं ड्रॉप घेतला नव्हता. त्यानं कॉलेज सोडलं आणि तो परत कधीच गेला नाही. तो पास झालाच नाही, फर्स्ट क्लास मी बनवला. गॅरेज त्याच्या वडिलांच्या बंगल्याचं होतं. आणि हे सगळं, तुझ्या फॉर्मची मुदत संपायच्या तीन दिवस आधी, मी वाचलेलं होतं.

एवढं एक भाषांतर मी त्याचं देणं लागतो.